चटईला ठेवलेली माया

मास्तरांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीनंतर आला नव्हता. ते शिंपी. पँटी आणि कोट. समोरून कोणी आलं की आधी त्याच्या कमरेकडे बघणार, मग चेहऱ्याकडे. कोपऱ्यावरच्या बँकेतल्या साहेबांचं नाव त्यांना आजतागायत माहीत नाही. "अडतीस कंबर, डावा खांदा उतरलेला" म्हटलं की त्यांच्या बायकोला बरोबर कळतं कोणाबद्दल चाललंय ते. पैशाचा हिशोबही पँटीतच. डॉक्टरची फी दीड पँट, विजेचं बिल तीन पँटी. बायको एका दवाखान्यात नंबर लावायच्या खिडकीवर बसायची, तिचा पगार नोटांमध्ये यायचा, तोही हे घरी बसून पँटीत करायचे.

आणि मास्तरांचा जीव अडकलेला असायचा मायेत. कापड शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे माणूस सुटला तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला शिंपी लोक माया म्हणतात. तयार कपडेवाले माया ठेवत नाहीत, तेवढंच कापड वाचवतात, म्हणून मास्तर त्यांना माणसात धरत नसत. "अहो, माणूस काय आज आहे तेवढाच राहणार आहे का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक घाईत असो, लग्नघाईत असो, ऐकून घ्यावंच लागायचं.

आता, माणूस सुटतो हे जगाला सांगणारे मास्तर स्वतः कधी सुटले ते त्यांना कळलंच नाही. चाळीस वर्षं त्यांनी पायमशीन चालवलं. दिवसभर पाय खालीवर, खालीवर. मग लेकीनं पहिल्या पगारातून मशीनला मोटर बसवून दिली. "बाबा, आता पायांना आराम." पायांनी तो इतका मनावर घेतला की तीन वर्षांत साखर वाढली, पोट वाढलं आणि मास्तरांच्या स्वतःच्या पँटींमधली सगळी माया बाहेर आली. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "रोज अर्धा तास पाय चालवा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. तरी साखर उतरली नाही तर सुई." आयुष्यभर बोटांत सुई धरलेल्या माणसाचा सुईचं नाव ऐकून घामानं शर्ट ओला झाला, हे बायकोनं दवाखान्यातल्या सगळ्यांना सांगितलं.

लेक नोकरीसाठी दूर गेली होती, पण तिची सायकल घरी होती, आणि सायकलबरोबर एक लोखंडी स्टँड. मागचं चाक त्यात अडकवायचं, ते खालच्या रुळाला टेकतं, मग कितीही पायडल मारा, सायकल जागची हलत नाही. चाळीस वर्षं जागच्या जागी पायडल मारून पोट भरलं, आता जागच्या जागी पायडल मारून पोट उतरवायचं! पण बाहेर रस्त्यावर गिऱ्हाइकांसमोर धापा टाकण्यापेक्षा हे बरं. सोमवारी सकाळी सात वाजता मास्तर बनियनवर सायकलीवर चढले आणि घुर्रर्र करून जो आवाज सुरू झाला, त्यानं कपाटातल्या कपबश्या नाचायला लागल्या.

पाचव्या मिनिटाला फोन वाजला. खालून. खालच्या दोन खोल्यांत मास्तरांची थोरली बहीण राहायची. ताई. ताईनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. हेडफोन उतरून दहा वर्षं झाली तरी कान कामावरच होते. वर चमचा पडला तरी चहाचा की जेवणाचा, हे ती खालून सांगायची.

"बाळ्या, तुझ्या लाइनवर काय खरखर येतेय ही?"

एकसष्ट वर्षांच्या, नव्वद किलोच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं.

"सायकल आहे, ताई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर चालवायला सांगितलीय?" आणि फोन ठेवला.

यात काही विशेष नव्हतं. दोघं बहीणभाऊ पन्नास वर्षं असंच बोलत होते. पेपर आधी ताईकडे जायचा, ती शब्दकोडं बरोबर अर्धं सोडवून वर पाठवायची, उरलेलं अर्धं मास्तरांनी सोडवायचं. सुटलं नाही की ती खालून ओरडायची, "आठ आडवं! सोपं आहे, गधड्या!" हा झाला त्यांचा जिव्हाळा.

मंगळवारी मात्र वेगळं झालं. मास्तर नुकतेच सायकलीवरून उतरले होते. अंगातून घामाच्या धारा, पाय लटपटतायत, आणि दहा वाजता द्यायचा कोट अजून हातशिलाईचा बाकी. तसेच जमिनीवर बसून, ओठांत टाचण्या धरून ते कोटाला टीप घालत होते. तेवढ्यात ताई वर आली. हातात तिचा निळा लोकरी कोट. वीस वर्षांपूर्वी तिला बढती मिळाली तेव्हा मास्तरांनीच शिवलेला.

"दोन्ही बाजूंना काचतोय रे," ताई म्हणाली. "बघ जरा काही सुटतंय का."

मास्तरांनी मान वर न करताच कोटाची बाजू उलटी केली, अंगठ्यानं शिवण चाचपली आणि टाचण्यांमधून बोलले, "माया संपली, ताई. दोनदा उसवून झाली. आता ओढूनताणून काही होत नसतं. तू आता दुसरीकडे बघ."

 ताईनं कोट उचलला आणि ती गेली. आणि ताई काही न बोलता गेली, हे या शहाण्या माणसाच्या लक्षातसुद्धा आलं नाही! त्यांचं लक्ष टिपेवर.

बुधवारी पेपर वर आला तो कोऱ्या शब्दकोड्यासह. एकही चौकट भरलेली नाही. मास्तरांनी पान उलटसुलट करून पाहिलं. बायको दवाखान्यात निघताना खाली डोकावली होती. ती चपला हातात घेऊन तशीच परत वर आली.

"ताई रविवारी दुपारच्या गाडीनं निघाल्यात," ती म्हणाली. "भाचीकडे. कायमच्या. बॅग काढलीय त्यांनी, पलंगावर उघडी पडलीय."

"का?"

"मला म्हणाल्या, आता इथे राहण्यात काही अर्थ नाही."

 मास्तरांनी कोपऱ्यातल्या सायकलीकडे पाहिलं. झालं. एवढ्या खरखरीत कोण राहील? तीस वर्षं कानांवर काम केलेलं माणूस. भाची, म्हणजे ताईची मुलगी, तर कधीपासून मागे लागली होती, की आई, एकटी का राहतेस, माझ्याकडे ये म्हणून, आणि ताई दरवेळी तिला उडवून लावायची. आज तिनं स्वतःहून बॅग काढली.

आई गेली तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते आणि ताई सोळाची. पहिलं मशीन ताईच्या पहिल्या तीन पगारांचं होतं. हे मास्तर कधी कोणाला सांगायचे नाहीत. ती खाली नसेल तर हे घर नुसतं वरच्या मजल्याचं घर उरेल, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. सायकल बंद करावी, तर तीन महिन्यांनी सुई. चालू ठेवावी, तर ताई गेली. मधला रस्ता एकच, सायकलीखाली काहीतरी घालायचं.

"घरात कोणाची तरी एक योगाची चटई आहे," असं बायकोनं स्वतःच्याच चटईबद्दल परक्यासारखं सांगितलं, कारण ती तिनं घेतल्यापासून एकदाच उलगडली होती. तिच्यावर सायकल ठेवली. स्टँडचे पाय चटईत रुतले ते आरपार गेले. चार भोकं. बायको म्हणाली, "चला, मला योग न करायला कारण मिळालं."

मग खेळाच्या सामानाचं दुकान. तिथल्या मुलीनं एक सुंदर चटई दाखवली, खास सायकलीचीच. घाम शोषत नाही, सरकत नाही, आवाज गिळते. मास्तरांनी चिमटीत धरून जाडी बघितली, उजेडासमोर धरली, कडेचा धागा नखानं ओढून पाहिला.

"आटेल का ही?" त्यांनी विचारलं.

"काका, ही धुवायची नसते. पुसायची."

"किंमत?"

मुलीनं किंमत सांगितली. मास्तरांच्या डोळ्यांसमोर सात पँटी रांगेनं उभ्या राहिल्या, सगळ्या इस्त्री केलेल्या. ते "बघतो" म्हणून बाहेर पडले.

गुरुवारी त्यांनी लहान मुलांच्या खोलीत घालतात ते फोमचे चौकोन आणले, एकात एक अडकणारे. किंमत एक पँट. पिवळे, लाल, प्रत्येकावर एक आकडा. सायकल चढवली, मास्तर चढले, आणि दोन मिनिटांत तीन आणि सात एकमेकांपासून सुटून निघाले. सायकल कलली, मास्तर कपाटाला टेकले. शेजारच्या घरातून जुना गालिचा आणला, तो मागे सरकत सरकत दारापर्यंत गेला, सायकलीसकट. बायको कामावरून आली तर नवरा उंबऱ्यावर पायडल मारतोय.

"कुठे निघालात?" तिनं विचारलं.

हसू नका. त्या माणसाला रडू यायचं बाकी होतं. तीन दिवस खालून एकही फोन आला नव्हता. मास्तर मुद्दाम जोरात चालवून बघायचे, ताई ओरडेल म्हणून. ताई ओरडत नव्हती.

शुक्रवारी सुचलं. मास्तरांचं एक गिऱ्हाईक होतं, बेचाळीस कंबर, मांड्या घट्ट. त्याचं रबराचं दुकान होतं. कारखान्यांना पट्टे, नळ्या, मशीनखाली घालायच्या जाड्या चादरी. मास्तर दुकानात शिरले आणि बेचाळीस कंबर उठून उभी राहिली.

"मास्तर, तुम्ही इकडे?"

"मशीनखाली घालायचंय काहीतरी. आवाज खाली जायला नको."

"कसलं मशीन?"

मास्तरांनी सांगितलं. रबरवाला जरा वेळ गंभीर चेहरा करून उभा राहिला, हे त्याला जड गेलं, पण मास्तर त्याची पँट शिवतात म्हणून त्यानं ते केलं. मग म्हणाला, "फोम घेऊ नका. मऊ वस्तू दबते, आणि दबली की जमिनीला टेकते, मग आवाज जातोच. रबर घ्या. जुन्या टायरच्या भुग्याचं, दाबून केलेलं. दिसायला काही नाही, पण थरथर पिते. सहा एमएम."

"पाव इंच म्हणा की सरळ."

"पाव इंच. किती लांब?"

मास्तर माप घेऊनच आले होते. अगदी पँटीसारखं. पुढचं चाक, मागचा स्टँड, हँडलची रुंदी. सहा फूट बाय तीन. रबरवाल्यानं रोलवर खडूनं रेघ मारली. मास्तरांनी टेप काढली आणि त्याची रेघ पुसली.

"एवढीच नेमकी कशी कापता? माया नको?"

"मास्तर, चटईला कसली माया? चटई काय जाड होणार आहे?"

"चटई नाही होणार. पण सायकल सरकते, माणूस डुलतो, घाम कुठेही पडतो." मास्तर ऐकेनात. "सोडा, सोडा, कडेला सोडा."

रबरवाल्यानं हात जोडले. "असं करा, हा रोलचा शेवटचा तुकडा आहे, सात बाय साडेचार. कापून दिला तर उरलेला माझ्याकडे पडून राहील. सगळा घ्या, अडीच पँटीत देतो." तोसुद्धा आता पँटीत बोलायला लागला होता. मास्तरांनी तुकडा चिमटीत धरला, वाकवला, वास घेतला, शिंकले आणि घेतला.

टेम्पोवाल्यानं तो दारात टाकला आणि निघून गेला. पंचवीस एक किलोची ती काळी गुंडाळी नवराबायकोनं एकेक पायरी करत वर चढवली. ताईचं दार किलकिलं होतं. एरवी ती म्हणाली असती, "कोणाला गुंडाळून नेताय रे?" त्या दिवशी दार हळूच लागलं. मास्तर पायरीवर बसूनच राहिले. बायकोला वाटलं दमले.

शनिवारभर चटई साबणाच्या पाण्यानं पुसून गॅलरीत वाळत घातली, तरी घरभर टायरच्या दुकानाचा वास. अंथरली तर खोली अर्धी काळी झाली. सायकल मधोमध न ठेवता भिंतीकडे सरकवली, म्हणजे एका बाजूला दीड फूट रिकामी उरली.

"एवढी माया?" बायको म्हणाली. "हिच्यात अजून एक सायकल बसेल."

"असू दे. लागते."

रविवार उजाडला. बायको खाली जाऊन ताईजवळ बसली, मास्तर वर चढले. पहिलं मिनिट हळू, मग जोरात, मग जीव तोडून. कपबश्या गप्प. दहा मिनिटांनी ते उतरले, घाम पुसायचंही भान नाही, तसेच बनियनवर धडधडत खाली गेले.

"आला का आवाज? ताई, खरं सांग. आला का?"

"नाही आला," ताई म्हणाली. ती साड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत होती. "छान झालं. जप तब्येतीला."

आणि पुढची घडी उचलली.

मास्तर दारात उभे. बायकोकडे बघतायत, बॅगेकडे बघतायत. "अगं, आवाज बंद झाला ना? मग बॅग का भरतेयस?"

"आवाजाचं काय घेऊन बसलास?" ताईचा आवाज चिरकला. "तीस वर्षं मी खरखर ऐकली. आवाजानं कोणी घर सोडतं का? तूच म्हणालास ना मला. तोंडावर म्हणालास. माया संपली. ओढूनताणून काही होत नसतं. दुसरीकडे बघ म्हणालास. मग बघितलं मी दुसरीकडे!"

 मग बायकोच्या तोंडून काहीतरी विचित्र आवाज आला, आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

"कोटाची!" मास्तर ओरडले. "अगं बाई, कोटाची माया! कोट दुसरा बघ म्हणालो मी!"

"मग कोटाची म्हणायचं!"

"कोट हातात होता की माझ्या!"

"मान तरी वर केलीस का? टाचण्या खात बोललास. मला काय कळणार कोट की मी?" ताई पलंगावर बसली. पाच दिवस धरून ठेवलेलं रडू तिला आता आलं, आणि त्यात तिला हसूही यायला लागलं, त्यामुळे दोन्ही नीट होईनात. "चाळीस वर्षं तुझ्याकडे हा शब्द ऐकतेय मी, बाळ्या. तरी त्या दिवशी मला तो कोटाचा वाटला नाही."

मास्तर तिच्याजवळ जमिनीवर बसले. घामेजलेले, टायरचा वास येणारे. "आणि खरं सांगू?" ते खाली बघत म्हणाले. "कोटाचंही खोटंच होतं. शिवणीत माया नव्हती, पण त्या कापडाचा तुकडा आहे माझ्याकडे. वीस वर्षं ठेवलाय गाठोड्यात, तुला लागेल म्हणून. दोन्ही बाजूंना त्याची निमुळती पट्टी, कळी, टाकून होतं. पण मी दमलो होतो, वैतागलो होतो, शोधायचा कंटाळा केला. जाऊ नकोस, ताई. तू गेलीस तर मला बाळ्या कोण म्हणेल?"

"गधड्या," ताई म्हणाली, आणि बॅगेतली वरची साडी काढून परत कपाटात ठेवली.

दुपारची गाडी गेली. संध्याकाळपर्यंत निळ्या कोटाला दोन कळ्या बसल्या. रंग वीस वर्षांत जरा वेगळा पडला होता, नीट बघितलं तर जोड दिसायचा. ताईनं घालून पाहिला, हात वर केले, खाली केले. "जोड दिसतोय," ती म्हणाली. "दिसू दे. आयुष्यभर लोकांना जोडून देण्याचंच काम केलं मी."

सोमवारी सात वाजता मास्तर चटईवर चढले. खालून पेपर आला, पण पेपरबरोबर ताईही आली, एका हातात दुमडायची खुर्ची. तिनं खोलीभर नजर फिरवली, सायकलीच्या बाजूला चटईची ती दीड फूट रिकामी काळी जागा बघितली, खुर्ची बरोबर तिथे उघडली आणि पेन काढलं.

"खालून ओरडून घसा बसतो," ती म्हणाली. "चल, मार पायडल. आठ आडवं, चार अक्षरी."

तेव्हापासून रोज हेच. मास्तर पायडल मारतात, ताई मायेवर बसून शब्दकोडं घालते, चुकलं की गधडा म्हणते. बायको दवाखान्यात सगळ्यांना सांगते, "आवाज खाली जाऊ नये म्हणून अडीच पँटी घातल्या, आणि आता खाली ऐकायला आहे कोण?"